मामांचा कुत्रा गांजा खात नाही



माझे मामा मुंबई पोलिसांत आहेत. ते दादरजवळ नायगावला पोलीस लाइनीत राहतात. त्यांचे काम म्हणजे कुत्रा सांभाळणे. पण राखणीचा कुत्रा नव्हे. गांजा, चरस, ब्राउन शुगर, एम.डी. असले अमली पदार्थ वासाने हुडकणारा कुत्रा. असा कुत्रा सांभाळणाऱ्या पोलिसाला कागदावर श्वान हस्तक म्हणतात, पण तिथे सगळे हँडलरच म्हणतात.

हा कुत्रा आता नऊ वर्षांचा झाला. तो निवृत्त होणार आहे आणि दिवाळीनंतर आमच्या घरी राहायला येणार आहे. ही बातमी पसरल्यापासून पारावर लोक काहीही बोलतात. म्हणे गांजा हुंगून हुंगून त्याला नशा लागली आहे. म्हणे नशा नाही मिळाली की तो पोरांना फाडतो. आपल्या वर्गातली दोन मुलेसुद्धा असेच म्हणाली. मी त्यांची नावे लिहीत नाही, पण त्यांना माहीत आहे. म्हणून हा लेख लिहिला.

मे महिन्यात आम्ही मामांकडे गेलो होतो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, की याला गांजा खायला घालता का? मामा इतके हसले की चहा सांडला. ते म्हणाले, "अरे, खाल्ला तर आजारी पडेल तो. त्याला गांजाशी काही देणेघेणे नाही. त्याला चेंडू हवा असतो."

ते असे असते. कुत्रा लहान असतानाच बघतात की त्याला खेळायचे वेड आहे का. चेंडू गवतात टाकला आणि दोन मिनिटांत कंटाळून परत आला तर तो कुत्रा या कामाचा नाही. जो चेंडू मिळेपर्यंत शोधतच राहतो तो कामाचा. मग चेंडूला किंवा गुंडाळलेल्या टॉवेलला त्या पदार्थाचा वास लावतात. पदार्थ बंद डबीत असतो, कुत्र्याच्या तोंडात जात नाही. कुत्र्याला वाटते, हा वास म्हणजे माझा चेंडू. नंतर ओळीने खोकी मांडतात आणि एकाच खोक्यात वास ठेवतात. बरोबर खोक्यापाशी तो बसला की लगेच चेंडू मिळतो आणि हँडलर त्याच्याशी खेळतो. झाले. त्याच्या दृष्टीने तो पोलीस नाहीच, तो खेळतो आहे. शिकवायला जो पदार्थ लागतो तो कुलपात असतो, आणि वहीत लिहून, मोजून बाहेर काढतात व मोजून परत ठेवतात.

आता नाकाचे सांगतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे ५० लाख पेशी असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून जास्त असतात. आपण घरात शिरलो की आपल्याला आमटीचा वास येतो. कुत्र्याला आमटीचा येत नाही, त्याला डाळीचा वेगळा, चिंचेचा वेगळा, गुळाचा वेगळा आणि कढीपत्त्याचा वेगळा येतो. म्हणून कोणी गांजाच्या पुडीवर मिरची नाहीतर कॉफी टाकली तरी उपयोग नाही. त्याला मिरचीही कळते आणि गांजाही कळतो. मामा आम्हाला लालबागच्या मसाला गल्लीत घेऊन गेले होते. आईला मसाला करून घ्यायचा होता. आम्ही सगळे शिंकून बेजार झालो. मामा म्हणाले, असल्या ठिकाणी आपले दहा वास एकत्र होऊन एकच ठसका होतो, कुत्र्याचे तसे होत नाही. पण मिरचीपूड नाकात गेली तर त्यालाही आग होतेच, म्हणून हँडलरने आधी जागा बघायची असते.

उन्हात कुत्र्याला वास कमी येतो. का? तर कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ काढून धापा टाकतो आणि अंग गार करतो. तोंडाने धापा टाकताना नाकाने नीट हुंगता येत नाही. म्हणून थोडा वेळ काम, मग सावली आणि पाणी, मग परत काम असे चालते. मुंबईत दमटपणा फार, तिथे तर हे पाळावेच लागते.

सर्व पोलीस कुत्री एकच काम करत नाहीत. मुंबई पोलिसांचे श्वान पथक १९५९ साली डॉबरमन जातीच्या तीन कुत्र्यांवर सुरू झाले. काही कुत्री चोराचा माग काढतात. काही बॉम्ब शोधतात आणि काही अमली पदार्थ शोधतात. मी विचारले, एकच हुशार कुत्रा दोन्ही का नाही करत? मामा म्हणाले, "तो पेटीपुढे बसला, आता पेटीत गांजा आहे की बॉम्ब? गांजा असेल तर मी पेटी उघडणार. बॉम्ब असेल तर मी तिला हात लावायचा नाही. त्याला बोलता येत नाही, मग मला कसे कळणार?" हे मला पटले. बॉम्बवाला कुत्रा तर नुसता शांत बसतो, पंजाने उकरत नाही, भुंकत नाही.

बॉम्ब शोधणाऱ्यांत सगळ्यांत प्रसिद्ध कुत्रा म्हणजे झंजीर. तो लॅब्रॅडोर जातीचा होता आणि पुण्याला शिकला होता. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकाच दिवशी ठिकठिकाणी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मेली. दादरच्या प्लाझा थिएटरलाही स्फोट झाला. माझे आजोबा तेव्हा परळला गिरणीत होते. ते म्हणतात, त्या दिवशी कोण घरी आले आणि कोण नाही हे चाळीत रात्रभर मोजत होते. पुढच्या दोन-तीन दिवसांत नायगाव क्रॉस रोडला स्फोटकांनी भरलेली स्कूटर सापडली, ती निकामी केली म्हणून बरे. म्हणजे मामांच्या आताच्या घराजवळच. झंजीरने त्या काळात ३,३२९ किलो आर.डी.एक्स., ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधायला मदत केली. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडाच्या कॅन्सरने वारला. मोठ्या अधिकाऱ्यांनी त्याला फुले वाहिली आणि मानाने पुरले. मामा म्हणतात, पोलीस लाइनीतल्या पोरांना झंजीर सिनेमातला आधी माहीत नसतो, हा आधी माहीत असतो.

आता माझ्या प्रयोगाचे सांगतो. मी घरी आल्यावर आमच्या मोत्याला शिकवायचे ठरवले. गांजा तर नकोच, मी आजीकडून चार लवंगा घेतल्या. ओसरीवर सहा करवंट्या पालथ्या मांडल्या, एकीखाली लवंग ठेवली. मोत्या बरोबर करवंटीपाशी थांबला की त्याला चिंध्यांचा चेंडू द्यायचा. पंधरा दिवसांत तो दहाच्या दहा वेळा ओळखू लागला! मी फोन करून मामांना सांगितले. मला वाटले ते शाबास म्हणतील. ते म्हणाले, "लवंग कोण ठेवतं?" मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, "उद्या ताईला ठेवू दे. तू पाठ करून उभा राहा."

दुसऱ्या दिवशी ताईने लवंग ठेवली. मोत्याने दहांतून तीनच ओळखल्या. ताई खूप हसली. मला रडू आले होते.

मामांनी मग समजावले. मोत्या लवंग हुंगत नव्हता, तो माझ्याकडे बघत होता. बरोबर करवंटी आली की मी श्वास रोखायचो, पाय थांबवायचो, आणि ते मलाच कळत नव्हते. शिवाय ज्या करवंटीला मी लवंगेचा हात लावला तिलाच माझ्या हाताचा वास जास्त होता. मामा म्हणाले, हँडलरचे सगळ्यांत अवघड काम हेच. कुत्रा वासाच्या आधी आपल्या माणसाला ओळखतो. समजा एखाद्या माणसाचे कपडे फाटके आहेत आणि हँडलरला उगीच त्याचा संशय आला, आणि तो त्याच्या पिशवीपाशी जरा जास्त थांबला, तर कुत्रा चेंडूच्या आशेने तिथे बसून टाकेल. मग त्या गरिबाची पिशवी चार लोकांत उघडली जाईल आणि आत भाकरी निघेल. म्हणून सरावात पदार्थ दुसराच कोणी लपवतो आणि हँडलरला सांगत नाही. कधी कधी तर कुठेच काही लपवत नाहीत. तेव्हा कुत्रा कुठेच बसला नाही म्हणूनही त्याला शाबासकी द्यायची असते. आणि कुत्रा बसला एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. पिशवी उघडायची, पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, आणि सापडलेली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला जाते. तशी सरकारी प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे.

मी पण आता हाताला प्लास्टिकची पिशवी घालतो, सगळ्या करवंट्यांना सारखा हात लावतो. मोत्या सात ओळखतो.

एक गंमत सांगायची राहिली. मामा आम्हाला कुत्र्याचा सराव बघायला घेऊन गेले तेव्हा बाबांच्या खिशात तंबाखूची पुडी होती. कुत्रा रांगेतून एकेकाला हुंगत येऊ लागला तसे बाबा घामाघूम झाले. खिशावर हात ठेवून उभे राहिले. कुत्रा आला, हुंगला आणि सरळ पुढे गेला. मामा म्हणाले, "दाजी, हात काढा खिशावरचा. त्याला तंबाखू शिकवलेली नाही." आई लगेच म्हणाली, "शिकवायला पाहिजे होती."

याच सुट्टीत त्या कुत्र्याचा मागचा पाय दुखू लागला. परळला जनावरांचा मोठा दवाखाना आहे. आजोबा अजून त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. तिथे बैल आणि घोडे कमी, कुत्री-मांजरेच जास्त दिसली. डॉक्टर म्हणाले की खुब्याचे हाड झिजले आहे, आता धावपळ नको. मामा बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी पाच वाजता उठून त्याला घासायचे, फिरवायचे, खाऊ घालायचे, असे त्यांनी आठ वर्षे केले. मामांची खोली लहान, जिनाही तीन मजल्यांचा. तेव्हा बाबाच म्हणाले, "आमच्याकडे द्या. आमच्याकडे जिना नाही."

म्हणून मित्रांनो, तो आल्यावर एवढे करा. दगड मारू नका. त्याला दगडाची सवय नाही, तो चेंडू समजून मागे येईल. दिवाळीचा फराळ, चॉकलेट, मनुका, कांद्याची भजी काही टाकू नका, चॉकलेट, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषासारखे असतात. तो तुमच्या दप्तराला हुंगून तुमच्यापुढे बसला तर घाबरू नका, पण मला येऊन सांगा. त्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. मामा म्हणाले, आधी त्याला घर ओळखू दे, नाहीतर सगळी पोरे हाका मारतील आणि तो गोंधळेल.

आजी अजून पूर्ण तयार नाही. ती म्हणते, ओसरीपर्यंत येऊ दे, चुलीपाशी नाही. आजोबांनी आणि मी गोठ्याशेजारची जागा शेणाने सारवून ठेवली आहे. फरशी घातली नाही, कारण फरशीवर त्याचा पाय घसरतो असे डॉक्टर म्हणाले होते. चेंडू मामा तिकडूनच पाठवणार आहेत.