अंगठ्याचा बंद लखोटा

कौंडण्यपूरला लोक येतात ते रुक्मिणीचं माहेर म्हणून, वर्धेच्या काठावरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात. इथून पंढरपूरला जाणारी पालखी १५९४ पासूनची सांगतात. मला पाहायचं होतं गावातल्या सेवा केंद्रातलं आधारच्या अंगठ्याचं मशीन, आणि त्याहीपेक्षा त्यामागे कोणाच्या नजरेस न पडता चालणारा एक छोटा प्रोग्राम : आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस.

श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला एक आजी आल्या होत्या. जन्मभर निंदण आणि कापूस वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. ‘‘मशीन घेऊन नाही राह्यली, आजी. पदराले पूस अन् पुन्हा ठेव,’’ केंद्र चालवणारा तरुण म्हणाला. बऱ्याच वेळाने ठसा उमटला.

तेवढ्या क्षणात जे घडतं ते फार देखणं आहे. पैसे काढायचं ॲप वेगळं, आरडी सर्व्हिस वेगळी. ॲपला ठसा थेट घेता येत नाही. ते फक्त विनंती करतं, एका बोटाचा ठसा हवा, इतक्या वेळात. विंडोजवर ही विनंती त्याच संगणकाच्या आतल्या आत १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर जाते, अँड्रॉइडवर इंटेंटमधून. सर्व्हिस ठसा घेते, वेळ नोंदवते, त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीने सही करते. मग दर वेळी नवी एईएस किल्ली बनवून सगळं कुलूपबंद करते आणि ती किल्लीही आधार प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने बंद करते. ॲपच्या हाती पडतो तो बंद लखोटा. तो पोचवता येतो, फोडता येत नाही. २०१७ मध्ये प्राधिकरणाने ही पद्धत सक्तीची करण्याआधी ठसा ॲपच्याच हाती पडायचा. साठवून पुन्हा वापरायची सोय त्यातच होती.

जोखमीचं काम एका छोट्या, वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवायचा हा विचार जुना आहे. डेनिस रिचींनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सेटयूआयडी आणलं. त्यामुळे साध्या वापरकर्त्याने चालवलेला पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रामही तेवढ्यापुरता रूटच्या अधिकाराने चालतो. पण रूट म्हणजे संपूर्ण सत्ता. प्रोग्राममध्ये एक चूक राहिली की सारी यंत्रणा परक्याच्या ताब्यात. कामापुरताच अधिकार द्यावा, हे साल्त्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये स्पष्ट मांडलं. लिनक्सने पुढे रूटच्या सत्तेचे तुकडे पाडले. आरडी सर्व्हिस याच वळणाची. तिच्या पहिल्या पिढीत सही संगणकातच व्हायची; ‘एल-वन’ मशीनमध्ये ती मशीनच्या आतच, सुरक्षित भागात होते.

काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका कंपायलरची हकिगत लिहिली. बिलाची फाइल ज्या डिरेक्टरीत होती, तिथल्या फाइलींत लिहायचा त्याला अधिकार होता. एका वापरकर्त्याने आपलं आउटपुट कुठे ठेवायचं म्हणून बिलाच्याच फाइलचं नाव दिलं, आणि हिशेब पुसला गेला. कंपायलरने आपलं काम चोख केलं होतं. अधिकार कोणाच्या कामासाठी वापरतोय, एवढंच त्याला कळत नव्हतं.

आरडी सर्व्हिसचंही तसंच आहे. लखोट्यात ठसा असतो, वेळ असते, रक्कम नसते. ती ॲप वेगळी पाठवतं. अंगठा ‘ही मीच’ एवढं सांगतो, ‘हजारच काढा’ असं सांगत नाही. आजींना पडद्यावरचा आकडा वाचता येत नव्हता. त्या तरुणाने तो मोठ्याने वाचला, पावती हातात दिली, शिल्लक किती तेही सांगितलं. हा त्याचा चांगुलपणा. यंत्रणेने त्याला ते करायला लावलेलं नाही. माझ्या मते रक्कम मशीनच्याच पडद्यावर दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे आणि लखोट्यात बंद झाली पाहिजे.

दुसरा घोर नकली अंगठ्यांचा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणं देशात उघड झाली. २०२३ मध्ये प्राधिकरणाने बोट जिवंत आहे का हे ताडणारी कडक तपासणी आणली. ती हवीच, पण तपासणी जितकी कडक, तितकी झिजलेल्या बोटांची अडचण वाढण्याची भीती. आधारचं बायोमेट्रिक कुलूपही आहे, ते लावलं की कोणाचाच ठसा चालत नाही. पण ते लावायला आणि उघडायला आधारशी जोडलेला मोबाईल जवळ लागतो, आणि आजींना तर दर महिन्याला अंगठा द्यावाच लागतो.