वजन तेवढेच, मग फरक कुठे? ताकदीचा व्यायाम शरीरात नेमके काय करतो

दिग्रस : पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला यातले काहीच कळले नव्हते.

भारतीयांच्या या ठेवणीला संशोधक ‘थिन-फॅट’ म्हणतात. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. हातपाय काडीसारखे, पोट तेवढे पुढे. अशी माणसे ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणत रक्तातील साखर तपासायची टाळतात. आयसीएमआरच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे अंदाजे १०.१ कोटी रुग्ण आहेत.

स्नायूंचा साखरेशी काय संबंध?

इन्सुलिन जी साखर रक्तातून पेशींमध्ये पाठवते, तिचा मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायू हे साखरेचे गोदामच. गोदाम लहान असेल तर माल बाहेरच पडून राहतो. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर ओढून घेतो. तिशीनंतर हे गोदाम हळूहळू आकसत जाते. चालणे हृदयासाठी उत्तमच, पण ही घट रोखायला स्नायूंवर भार द्यावा लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०२० पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत चालण्या-धावण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

‘आम्ही तर दिवसभर राबतो, आम्हाला कशाला?’

दिग्रससारख्या तालुक्यात हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. सोयाबीनचे कट्टे उचलणाऱ्याला जिम शिकवायला जाऊ नये. पण कापूस वेचताना कंबर तासन् तास वाकलेली राहते आणि भार तोच तो असतो. शरीर त्याला सरावते, थकते, पण ताकद पुढे वाढत नाही. व्यायामात भार थोडा थोडा वाढवतात आणि मध्ये विश्रांती देतात. खरी बांधणी त्या विश्रांतीत होते. (अभियांत्रिकीत शिकलो ते लोखंड वारंवार भार दिल्यावर थकून तुटते. स्नायूचे उलटे आहे.) दुकानात, कार्यालयात किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांना तर हे सबब म्हणूनही वापरता येणार नाही.

हे पाश्चात्त्य फॅड आहे, असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. दंड-बैठका हा ताकदीचाच व्यायाम.

वय झाले, आता काय उपयोग?

१९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारयुक्त व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. संडासातून उठताना भिंत धरावी लागणाऱ्या आजीसाठी याचा अर्थ बायसेप्सपेक्षा कितीतरी मोठा आहे.

महिलांना वाटणारी ‘पुरुषी दिसू’ ही भीती मात्र निराधार आहे. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये फार कमी असते. दिसण्यातला फरक असतो तो इतकाच : खांदे सरळ, कंबर आवळलेली, चाल ताठ. पाळी थांबल्यानंतर हाडे ठिसूळ होण्याचा वेगही भाराच्या व्यायामाने कमी होतो.

सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस आणि भिंतीवरचे दंड पुरेत. आठ ते बारा वेळा, शेवटचे दोन जड जातील इतपत. श्वास रोखू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रोटीनच्या डब्यावर हजारो रुपये घालण्याचे कारण नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांनीही त्या पावडरी टाळायला सांगितले आहे. तूरडाळ, हरभरा, दूध, अंडी आपल्याकडे आहेतच.

आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, ताकद त्याआधी वाढते. ती मोजायची असेल तर ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, तो आकडा आज कॅलेंडरवर लिहा आणि आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा.