गाव कोणतं?

दोन मराठी माणसं एसटीत शेजारी बसली, की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न येतोच : "तुमचं गाव कोणतं?" नाव, नोकरी, मुलंबाळं हे सगळं त्याच्या मागून. गाव कळलं की तालुका निघतो, तालुक्यातून एखादा लांबचा पाहुणा निघतो आणि कंडक्टर तिकीट देऊन पुढे सरकेपर्यंत दोघांची ओळख जुनी झालेली असते.

माझ्या आजोबांना हा प्रश्न कुणी विचारला, की ते क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "पाण्याखाली." आमचं घराणं मुळशी खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजोबा दहा-बारा वर्षांचे होते. पुढे सारा जन्म त्यांनी पुण्यात काढला. पण "माझं गाव पुणं" असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

त्यामुळे पौड ओलांडून मुळशीच्या पाण्याकडे मी अधूनमधून जातो. असाच एकदा फेब्रुवारीत गेलो होतो. रस्ता सोडून डोंगराच्या उतरणीला लागलो, तर पंधरा-वीस घरांची एक कातकरी वस्ती दिसली. कुडाच्या भिंती, कुठे कौलं, कुठे पत्रे. निम्म्याहून अधिक दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. एका अंगणात एक म्हातारी मासे धरायचं जाळं सांधत बसली होती. बोलणं सुरू करायचं म्हणून मी सवयीनं विचारलं, "आजी, गाव कोणतं हो हे?"

हात न थांबवता ती म्हणाली, "गाव न्हाई दादा, ही वाडी. गाव त्ये तिकडं, वर."

मी चपापलो. माझ्या आजोबांचं गाव बुडालं होतं. या बाईचं गाव तर डोळ्यांसमोर होतं. तिथली शेतं तिनं लावली असतील, घरं शाकारली असतील. तरीही ते "तिकडचं" होतं.

मुळशीचा इतिहास आपण शाळेत थोडाफार वाचलेला असतो. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं आणि पन्नासच्या वर गावांवर पाणी येणार हे स्पष्ट झालं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना "सेनापती" हे नाव याच लढ्यानं दिलं. लढा हरला. पाणी अडलं, डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरलं आणि त्याच्यावर मुंबईचे दिवे लागले.

हरलेल्यांना निदान मोबदल्याचा कागद तरी होता. त्यातही अनेक जमिनी सावकारांच्या नावावर गेलेल्या, म्हणून पैसाही बऱ्याच ठिकाणी सावकाराच्याच हाती गेला. पण ज्यांच्या नावानं कागद कधी झालाच नव्हता, त्यांचं काय? मोबदला मिळतो नोंद असलेल्या माणसाला. आजोबांच्या आठवणींत नांगर होता, देऊळ होतं, बैल होते. कातकरी मात्र कधी आले नाहीत. ते तिथे नव्हते असं नाही. आम्ही त्यांना गावात मोजलं नव्हतं, एवढंच.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्यांची वस्ती. सर्वांत जास्त रायगड आणि ठाण्याकडे, घाटावर मुळशी-मावळातही. 1878च्या वन कायद्यानं जंगलावर सरकारी हक्क बसत गेला, खैर हातचा गेला आणि कात काढणारा हात कोळशाच्या भट्टीवर, शेतमजुरीवर आणि पुढे वीटभट्टीवर लागला. माडिया गोंड आणि कोलाम यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींत कातकऱ्यांची गणना होते. 2011च्या जनगणनेत त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक भरली.

दुपार कलली तसा एक म्हातारा पाण्यावरून आला. टोपलीत थोडे मासे. म्हातारीनं त्यांचे वाटे घातले. एक वाटा स्वतःला, एक शेजारच्या घराला आणि एक अशा दारी, जिथे दोन मुलं आजीपाशी राहिली होती. वाटे घालताना कुणी मागितलं नाही, कुणी आभार मानले नाहीत. मास्लो नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1943 साली माणसाच्या गरजांची उतरंड मांडली : आधी पोट, मग सुरक्षितता आणि त्यानंतर आपुलकी, कुणाचं तरी असणं. त्या अंगणात मला ती उतरंड उलटी झालेली दिसली. उद्याच्या जेवणाची खात्री नाही, डोक्यावरच्या छपराखालची जमीन आपली नाही. पण कुणाचं तरी असणं मात्र पुरेपूर.

यात काव्य शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आपुलकीनं भाकरी वाटून खाता येते, जमिनीवरून उठवणाऱ्याला अडवता येत नाही. रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांचा अभ्यास करून राजीव खेडकर आणि डॅनिअल बकल्स यांनी 2013 साली एक पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलेली गोष्ट अशी, की कित्येक वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर आहेत. शेतात हक्काचा मजूर हवा होता, तोवर मालकाला वाडी चालत होती. जमिनीचा भाव चढला की तीच वाडी अडचणीची होते. मुळशीत तर पुणं आता दारात आलं आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारती याच तालुक्यातल्या.

2006च्या वनहक्क कायद्यानं जंगल जमीन कसणाऱ्याला आणि तिथे राहणाऱ्याला हक्क दिला. पण वाडी मालकीच्या जमिनीवर असेल तर तिथे तो कायदा लागत नाही. नोव्हेंबर 2023मध्ये आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली. घरासाठी 2 लाख 39 हजार रुपये मिळतात. रक्कम चांगली आहे. पण घर उभं करायला पायाखाली जमीन लागते. शिवाय दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर गेलेला माणूस पावसाच्या तोंडाशी परततो. मधल्या काळात नाव लिहून घ्यायला कुणी आलं, तर दाराला काटेरी फांदीच भेटणार.

या माणसांनी देशाला मात्र आपलं मानलं होतं. 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे एक नाव आहे. ज्याला गाव आपला म्हणत नव्हतं, तो देशासाठी गोळी झेलून गेला.

निघताना म्हातारीनं मला विचारलं, "तुमचं कंचं गाव, दादा?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली. आमचे आजोबा तिथले."

तिनं जाळं खाली ठेवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे हितलंच की तुम्ही. बसा, च्या टाकते."

मी बसलो. तीन पिढ्यांत या खोऱ्यात आम्हाला "तुम्ही इथलेच" असं कुणी म्हटलं नव्हतं. जिच्या नावावर हातभर जमीन नाही, तिनं ते एका शब्दात देऊन टाकलं. चहा कोरा होता, गुळाचा. तो पिताना एकच गोष्ट मनात घोळत राहिली. तेच शब्द मी तिला परत म्हटले असते, तर तिला बरं वाटलं असतं. पण तिला ते हवे आहेत सातबाऱ्यावर, आणि ते लिहिणारे हात आपल्यातलेच कुणाचे तरी आहेत.