घरच्या मेलची चाळणी

वीजबिल, मुलाच्या शाळेची सूचना आणि साड्यांच्या सेलची जाहिरात, सगळे मेल एकाच ढिगात येऊन पडतात. हा ढीग उपसायचे काम घरच्या लिनक्स संगणकावर सोपवता येते आणि त्याला लागणारी साधने फुकट मिळतात.

आधी मेल घरी आणायचा. 'फेचमेल' हा जुना प्रोग्रॅम ठरावीक वेळाने दूरच्या सर्व्हरवर जातो, नवे मेल उचलतो आणि घरच्या यंत्रणेच्या हवाली करतो. मेल पोचता झाला की सर्व्हरवरची मूळ प्रत तो पुसून टाकतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तरी त्याला 'कीप' ही सूचना द्यायलाच हवी.

ठेवायचा कुठे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहिले जातात. 'फ्रॉम' आणि त्यापुढे मोकळी जागा अशी ओळ दिसली की तिथून नवा मेल सुरू झाला असे धरायचे. पण कुणी पत्राच्या मजकुरातलीच ओळ 'फ्रॉम'ने सुरू केली तर? मग तिच्या आधी 'पेक्षा मोठे'चे चिन्ह घुसडावे लागते, म्हणजे दुसऱ्याच्या पत्राला हात लावावा लागतो. शिवाय दोन प्रोग्रॅम एकदम लिहू लागले तर फाइल बिघडू नये म्हणून तिला दर वेळी कुलूप लावायचे.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात आपल्या क्यूमेल या सर्व्हरसाठी 'मेलडिर' आखले आणि हा गुंता सोडवला. इथे प्रत्येक मेलची वेगळी फाइल आणि 'टेम्प', 'न्यू', 'कर' असे तीन फोल्डर. मेल टेम्पमध्ये पूर्ण लिहून झाल्यावरच न्यूमध्ये जातो. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल टेम्पमध्ये पडून राहते, आणि पोच न मिळाल्याने फेचमेलने मूळ प्रतही पुसलेली नसते. इतका साधा आणि इतका भक्कम उपाय क्वचितच सापडतो.

वर्गवारीसाठी अनेक वर्षे १९९०चा प्रोकमेल चालला. त्याचे नियम मात्र चिन्हांच्या जंजाळात लिहायचे, आणि २००१नंतर वीसेक वर्षे त्याची नवी आवृत्ती आली नाही. आज सुरुवात करणाऱ्याने डव्हकॉट सर्व्हरबरोबर चालणारी 'सीव्ह' भाषा घ्यावी. सीव्ह म्हणजे चाळणीच! 'विषयात वीजबिल असेल, तर घरखर्च फोल्डरात टाक' हा नियम तिच्यात दोन-तीन ओळींत बसतो. एकही नियम लागू झाला नाही, तर मेल मुकाट इनबॉक्समध्ये राहतो.

स्पॅमसाठी स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला गुण देतो. मूळ मांडणीत पाच गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. त्याचा शिकणारा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही. तोवर स्पॅम थेट पुसू नये, वेगळ्या फोल्डरात ठेवावा आणि आठवड्यातून एकदा नजरेखालून घालावा, कारण शाळेची सूचनाही कधीकधी तिथेच जाऊन बसते.