सोबतीला माणूस

घरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीची सोबत शुश्रूषेपेक्षा वेगळी असते. मलमपट्टी, इंजेक्शन ही परिचारिकेची कामे. अंघोळ घालणे, कूस बदलणे ही आयाबाईंची. सोबतीला येणारी व्यक्ती वर्तमानपत्र वाचून दाखवते, बँकेत किंवा दवाखान्यात बरोबर जाते, मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकवते, पत्त्यांचा डाव मांडते आणि मुख्य म्हणजे ऐकते. तीच आठवण दहाव्यांदा आली तरी ऐकते. हे काम दिसते त्याहून अवघड आहे. राहिलेली गोळी, कमी झालेले जेवण, चालताना जाणारा तोल हे नेहमी येणाऱ्याच्या लवकर लक्षात येते.

शंतनू नायडू यांनी २०२२मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘गुडफेलोज’ या स्टार्टअपने तरुण पदवीधरांना या कामासाठी नेमले; उद्योगपती रतन टाटा यांनी त्यात गुंतवणूक केली होती.

माणूस ठेवताना पोलीस पडताळणी करून घ्यावी. एटीएमचा पिन त्याच्या हाती देऊ नये. माणसे सारखी बदलूही नयेत, कारण ओळख मुरायला वेळ लागतो. आणि निवड ज्येष्ठांनीच करावी, परगावच्या मुलांनी फोनवरून नव्हे.

पैसे मोजून सोबत मिळवणे ज्यांना परवडत नाही, त्यांना निदान बोलण्यासाठी, मार्गदर्शनासाठी १४५६७ ही सरकारी ‘एल्डरलाइन’ सकाळी ८ ते रात्री ८ विनामूल्य उपलब्ध आहे.