पत्त्यांच्या संग्रहालयात एक दुपार

आमच्या माहेरी पत्त्यांना बंदी होती. मे महिन्याच्या सुट्टीत शेजारची मुलं बदाम सात, झब्बू, मेंढीकोट खेळायची आणि मी नि माझा धाकटा भाऊ बाजूला बसून नुसते बघायचो. कारण आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. आईच्या वडिलांनी एका दिवाळीत तीन पत्तीच्या डावात विहिरीजवळचं वावर घालवलं होतं. तेव्हा आई नऊ वर्षांची होती.

आता भाऊ नोकरीनिमित्त स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात असतो. आई, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी त्याच्याकडे गेलो होतो. एका सकाळी तो म्हणाला, “इथून बसने तासाभरावर व्हितोरिया-गास्तेइस नावाचं गाव आहे. तिथे पत्त्यांचं संग्रहालय आहे. जाऊ या?” मी आधी आईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, “चला. तुम्ही आत जा, मी बाहेर बाकावर बसेन.”

पण त्या दिवशी पाऊस आला आणि आईला आमच्याबरोबर आत यावंच लागलं.

सुऱ्यांच्या गल्लीतला वाडा

व्हितोरिया-गास्तेइस ही स्पेनच्या बास्क प्रांताची राजधानी. तिच्या जुन्या भागात एक अरुंद गल्ली आहे. तिचं नाव कुचियेरिया, म्हणजे सुऱ्या घडवणाऱ्यांची गल्ली. या गल्लीत बेंदान्या नावाचा सोळाव्या शतकातला दगडी वाडा आहे. १९९४ पासून पत्त्यांचं संग्रहालय या वाड्यात आहे. २००९ मध्ये त्याला लागूनच पुरातत्त्व संग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. दोन्ही मिळून त्या जागेला ‘बिबात’ म्हणतात. बास्क भाषेत ‘बी’ म्हणजे दोन आणि ‘बात’ म्हणजे एक. दोन संग्रहालयं, एक जागा!

पत्त्यांचं संग्रहालय याच गावात का? कारण एराक्लिओ फुर्निए या छपाईकाराने १८६८ मध्ये इथे आपला छोटासा छापखाना सुरू केला. पुढे त्याचे पत्ते स्पेनभर घराघरांत पोहोचले. त्याचा नातू फेलिक्स अल्फारो फुर्निए याला जुने पत्ते जमवण्याचा नाद होता. त्याने लंडनच्या ‘डे ला रू’ या प्रसिद्ध छपाई कंपनीचा संग्रहही मिळवला. पुढे हा सगळा ठेवा तिथल्या प्रांतिक सरकारने विकत घेतला. आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक कॅट आहेत. पत्ते छापण्याची जुनी यंत्रंही इथे जपून ठेवली आहेत.

राणी कुठे गेली?

काचेमागचे स्पॅनिश पत्ते बघून मुलगी गोंधळली. “आई, यात बदाम नाही, किलवर नाही. आणि राणी कुठे आहे?”

खरंच, पारंपरिक स्पॅनिश कॅटमध्ये राणी नसते. सोटा म्हणजे पायी चालणारा सेवक, मग घोडेस्वार आणि मग राजा, अशी तीन चित्रं असतात. चिन्हंही वेगळी: सोन्याची नाणी, पेले, तलवारी आणि सोटे.

ही चिन्हं युरोपात पूर्वेकडून आली. इजिप्तमध्ये मामलुक सुलतानांच्या काळात खेळले जाणारे पत्ते आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. त्यांवर नाणी, पेले आणि तलवारी आहेतच. चौथं चिन्ह मात्र पोलो खेळायच्या काठीचं आहे. त्या काळी युरोपात पोलो कुणाला माहीत नव्हता. त्यामुळे तिकडे पोहोचल्यावर त्या काठीचा साधा सोटा झाला! मामलुक पत्त्यांत राजाच्या खालोखाल ‘नायब’ असे. स्पॅनिशमध्ये पत्त्याला ‘नाइपे’ म्हणतात. तो शब्द या नायबावरूनच आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

मग आपले बदाम-चौकट कुठले? ते फ्रान्सचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारागिरांनी एकाच रंगात, कापलेल्या साच्यातून झटपट उमटतील अशी सोपी चिन्हं रूढ केली. पत्ते स्वस्त झाले आणि ही चिन्हं जगभर पसरली. जुन्या चिन्हांची आठवण मात्र इंग्रजी नावांत राहून गेली. किलवरला इंग्रजीत ‘क्लब’ म्हणजे सोटा म्हणतात, आणि इस्पिकच्या ‘स्पेड’ या नावामागे तलवारीसाठीचा जुना शब्द आहे.

भावाने आईला गंजिफाची आठवण करून दिली. सावंतवाडीला आजही हाताने रंगवलेले ते गोल पत्ते बनतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं असतात. “त्यातही राजा आणि प्रधानच असतो गं, राणी नाही,” तो म्हणाला. आईने नुसती मान हलवली.

बंदी, कर आणि फाशी

पत्ते युरोपात आले आणि पाठोपाठ तक्रारीही आल्या. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराने १३७७ मध्येच पत्त्यांवर बंदी घालणारा हुकूम काढला होता. भावाने ही गोष्ट सांगितली तेव्हा आई त्या दुपारी पहिल्यांदाच आपणहून बोलली. “म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही कळत होतं!”

राज्यकर्त्यांना आणखीही एक गोष्ट कळली होती. लोक खेळणं सोडत नसतील, तर त्यातून खजिना भरता येतो. अनेक देशांनी पत्त्यांवर कर बसवला. इंग्लंडमध्ये कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर असे. तो एक्का एवढा मोठा आणि नक्षीदार का असतो, याचं उत्तर यातच आहे. १८०५ मध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला असा खोटा एक्का छापल्याबद्दल लंडनमध्ये फाशी देण्यात आलं.

“एका पत्त्यासाठी फाशी?” मुलीने डोळे मोठे करून विचारलं.

“पत्त्यासाठी नाही, पैशासाठी,” आई म्हणाली.

कडेवरची रेघ

पुढे एका कपाटापाशी भाऊ थांबला. “ही गंमत बघा. प्रत्येक पानाभोवती चौकटीची रेघ आहे ना? ती कुठे तुटली आहे ते पाहा.”

आम्ही काचेला नाक लावून पाहू लागलो. नाण्यांच्या पानांवर रेघ सलग असते. पेल्यांच्या पानांवर ती एका जागी तुटलेली असते, तलवारींच्या दोन जागी आणि सोट्यांच्या तीन जागी. या खुणेला ‘पिंता’ म्हणतात. हातातली पानं पूर्ण उघडावी लागत नाहीत. अंगठ्याने कड थोडी सरकवली, की चिन्ह कोणतं ते कळतं. शेजाऱ्याला काही दिसत नाही.

आई काचेकडे बघतच राहिली. मग तिने उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर हळूच सरकवला. “आबा असेच धरायचे पानं,” ती म्हणाली. “नुसता कोपरा बघायचे. मला बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकवली, पत्त्यांवर. सत्ती नि अठ्ठी किती? मी पंधरा म्हटलं, की हसायचे.”

मी चाळिशी ओलांडली आहे. माझ्या आजोबांविषयी त्या वावराशिवाय दुसरं काही मी आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

टेबलावर काय आहे?

बाहेर पडलो तेव्हा पाऊस थांबला होता. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात कॉफी प्यायला बसलो. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते खेळत होते. तो ‘मुस’ हा बास्क खेळ होता. चाळीस पानांचा, दोघा-दोघांच्या जोड्यांनी खेळायचा. यात जोडीदाराला खुणा करायला परवानगी असते, पण खुणा ठरलेल्याच हव्यात. हातात दोन राजे असतील तर खालचा ओठ दातांत धरायचा. अर्थात, समोरच्या जोडीने ती खूण पाहिली तर पंचाईत! मुलगी तर खेळापेक्षा त्या आजोबांचे चेहरेच बघत होती.

आईचं लक्ष मात्र टेबलावर होतं. “पैसे कुठे आहेत?” तिने भावाला हळूच विचारलं.

त्याने स्पॅनिशमध्ये विचारलं. एका आजोबांनी हसून टेबलाच्या मधोमध ठेवलेले छोटे खडे दाखवले. मुसमध्ये गुण मोजायला खडे वापरतात. हरणाऱ्या जोडीने कॉफीचे पैसे द्यायचे, एवढीच त्यांची पैज होती. आई आपली कॉफी गार होईपर्यंत तो डाव बघत बसली.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, “आबांच्या डावातही आधी चिंचोकेच असायचे. कुणीतरी एके दिवशी नाणं टाकलं.”

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आज तो डाव खिशातल्या मोबाइलवर येऊन बसला आहे. शेजारी कोणी नसतं, त्यामुळे ‘पुरे आता’ म्हणणारंही कोणी नसतं. फ्लॉरेन्सने १३७७ मध्ये हुकूम काढला. आपल्या संसदेने २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याच्या आधी घरातल्या माणसांनी आपल्या टेबलाकडे पाहायला हवं. मुलं काय खेळतात याबरोबरच त्यावर काय लावतात, हेही विचारायला हवं.

त्या रात्री मुलीने संग्रहालयातून आणलेला कॅट बाहेर काढला आणि आजीकडे बघून पटकन पाठीमागे लपवला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती मूठभर काबुली चणे घेऊन. ते तिने आमच्या चौघांत सारखे वाटले.

“पैशाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. मग तिने पानं हातात घेतली आणि अंगठ्याने कड हळूच सरकवली. “हं, आता सांग पाहू, सत्ती नि पंजी किती?”