बैलाची चाल बघतो, पोराची कधी बघणार?

कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला चाल ओळखायला शिकवावे लागत नाही. बाजारात बैल घेताना आपण त्याला चार पावले चालवतो, पुढून-मागून बघतो, खूर कसा टेकतो ते बघतो. जरा लंगडला तर दावे हातात घेत नाही. घरातले पोर फेंगडे चालले, तर मात्र "मोठं झालं की होईल सरळ" म्हणून सोडून देतो.

मागे आल्याची कंदकूज बघायला एका वस्तीवर गेलो होतो. बांधावर चार वर्षांचा मुलगा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होता. वडील म्हणाले, "लहानपणी प्लास्टर केली होती साहेब, पाय सरळ झाला होता. काढणीच्या गडबडीत बूट घालायचे राहून गेले." आजी ग्रहणाला दोष देत होती.

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण चौकशी केल्यावर जे समजले ते सांगतो. या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने, बाळ काही आठवड्यांचे असतानाच, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात. बहुधा पाच-सहा प्लास्टर पुरतात. बऱ्याच बाळांना टाचेच्या शिरेला छोटासा छेद द्यावा लागतो. पुढे दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर चार-पाच वर्षांपर्यंत रात्री झोपताना घालायचे असतात. ते सोडले की पाऊल पुन्हा वळते. तसे झाले तरी उपाय संपत नाही. पुन्हा प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया करता येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पोराला अनवाणी चालवून बघा. टाच टेकते का? लंगडते का? बदकासारखे डुलत चालते का? उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात का? दीड वर्षाचे होऊनही चालत नाही का? शंका वाटली तर पुढून, मागून आणि बाजूने मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. मोठ्या रुग्णालयांत कॅमेरे आणि जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्ट्यांवरून चालीचा अभ्यास करतात, पण सुरुवात आई-बापाच्या नजरेतूनच होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करते. क्लबफूट आणि जन्मजात निखळलेला खुबा हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि पुढचे उपचार मोफत आहेत. त्या दिवशी पोर रानात नेऊ नका.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती आहे. पाय किती वाकडा एवढेच विचारून भागत नाही. पोर शाळेत रोज जाते का, खेळात त्याला घेतात का, संडासला एकटे जाऊ शकते का, हेही विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. शाळेचा उतार, संडासातला धरायचा दांडा यांसारख्या कामांचा विषय येत्या ग्रामसभेत घ्या.

त्या वस्तीवरच्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, "दादा, कंदकूज दिसली तर तुम्ही दुसरा दिवस उजाडू देत नाही. मग याला का थांबवता?" आठ दिवसांनी ते मुलाला घेऊन साताऱ्याला गेले. आता पुन्हा प्लास्टर सुरू आहे. या वेळी बूट कधी घालायचे आणि कधी काढायचे, याची जबाबदारी आजीने घेतली आहे.